व्हिक्सन, अ‍ॅसगार्ड आणि धुकं

ब्रिटिश पार्लमेंटचं अधिवेशन ऑगस्टमध्ये संपलं की हाउस ऑफ कॉमन्समधल्या कारकुनांना चांगली घसघशीत सुट्टी मिळायची. १८९५पासून तिथे नोकरीला असलेला एक चष्मेवाला, अबोल, किंचित लंगडत चालणारा तरुण या सुट्टीत काय करतो, याचा सहकाऱ्यांना बरेच दिवस पत्ता नव्हता. वर्षभर विधेयकांच्या मसुद्यांत डोकं घालून बसणारा हा माणूस सुट्टी लागताच शिडाच्या छोट्या होडीत बसून खुल्या समुद्रात जायचा. कधी एकटा, कधी भावाबरोबर, कधी दोन मित्रांना घेऊन.

त्याचं नाव अर्स्किन चिल्डर्स. जन्म १८७०चा, लंडनचा. वडील रॉबर्ट सीझर चिल्डर्स सिलोनमध्ये सनदी नोकरीत होते आणि पाली भाषेचा पहिला मोठा इंग्रजी कोश त्यांनी तयार केला. बौद्ध वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना हे नाव मुलापेक्षा वडिलांमुळेच अधिक ओळखीचं. क्षयाने वडील लवकर गेले, आईलाही त्याच रोगामुळे मुलांपासून दूर ठेवण्यात आलं आणि अर्स्किन व त्याची भावंडं आयर्लंडमध्ये विक्लो परगण्यातल्या आजोळी वाढली. शिक्षण इंग्लंडमध्ये, घर आयर्लंडमध्ये. या दोन ठिकाणांची ओढाताण त्याला आयुष्यभर पुरली.

१८९७च्या ऑगस्टमध्ये तो ‘व्हिक्सन’ नावाच्या होडीतून निघाला. जुन्या जीवरक्षक होडीवर डेक आणि डोलकाठी चढवून ती केलेली होती. लांबी सुमारे ३० फूट. दिसायला ती ओबडधोबडच होती, पण उथळ पाण्यात शिरण्यासाठी आणि ओहोटीला वाळूवर निवांत बसून राहण्यासाठी अगदी योग्य. बेत दक्षिणेकडे, फ्रान्सच्या किनाऱ्याने जाण्याचा होता. वारा मात्र नैर्ऋत्येकडून सतत तोंडावर येत राहिला. तेव्हा चिल्डर्सने नाळ पूर्वेकडे वळवली. भाऊ हेन्री वाटेत येऊन मिळाला. हॉलंडचा किनारा मागे टाकून दोघे जर्मनीच्या फ्रिशियन बेटांमागच्या समुद्रात शिरले, तिथून बाल्टिकपर्यंत गेले आणि हिवाळा आला तेव्हा होडी तेर्सखेलिंग बेटावर ठेवून घरी परतले. पुढच्या वसंतात दोन मित्रांना सोबत घेऊन चिल्डर्सने ती इंग्लंडला परत आणली.

वाऱ्यामुळे बेत बदलला नसता, तर इंग्रजीतली हेरकथेच्या परंपरेतली एक पायाभूत कादंबरी लिहिली गेली नसती. आणि पुढे आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यात एका खासगी यॉटने जी कामगिरी केली, तिच्यासाठी लागणारी तयारीही कदाचित कुठे झाली नसती.

दिवसातून दोनदा बदलणारा नकाशा

फ्रिशियन बेटांचा किनारा हा मुळात जमीन की पाणी, हा प्रश्न दर सहा तासांनी नव्याने पडतो. जर्मनीच्या बाजूला बोर्कुमपासून वांगरोगपर्यंत वस्ती असलेली सात बेटं मुख्य भूमीला समांतर अशी ओळीने पसरली आहेत. बेटं आणि किनारा यांच्यामधल्या पट्ट्यात भरतीला समुद्र असतो. ओहोटीला तिथे मैलोन्‌मैल चिखल आणि वाळू उघडी पडते, इतकी की माणसं किनाऱ्यावरून बेटावर चालत जातात. आज हा सगळा भाग जागतिक वारशाच्या यादीत आहे.

उघड्या पडलेल्या या वाळूतून वेड्यावाकड्या नाळी वाहत असतात. दोन बेटांमधल्या फटीतून भरतीचं पाणी आत येतं आणि बेटाला दोन्ही बाजूंनी वळसा घालून त्याच्या पाठीमागे एकमेकांना भिडतं. जिथे ते भिडतं तिथे प्रवाह मंदावतो, गाळ साचतो आणि एक उंचवटा तयार होतो. होडीला बेटाच्या मागून पलीकडे जायचं तर हा उंचवटा पुरेसं पाणी असतानाच ओलांडावा लागतो. वेळ चुकली की पुढच्या भरतीपर्यंत बसा वाळूवर. नाळींच्या कडेला स्थानिक लोक बर्चच्या फांद्या रोवून वाट दाखवतात. वादळं झाली की नाळी सरकतात आणि फांद्या पुन्हा नव्या जागी रोवाव्या लागतात. दाभोळच्या किंवा बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा चुकवत होडी आत घालणाऱ्या तांडेलाला हा खेळ नवा वाटणार नाही. फरक इतकाच की फ्रिशियन किनाऱ्यावर ही एक खाडी नव्हे, अख्खा समुद्रच तसा आहे.

त्यावर धुकं. उबदार, ओलसर हवा गार पाण्यावरून सरकू लागली की तिच्यातली वाफ तिथल्या तिथे बारीक थेंबांत उतरते आणि समोरची फांदी, मागचं बेट, बाजूची वाळू सगळं एकसाथ नाहीसं होतं. मोठी जहाजं अशा वेळी नांगर टाकून भोंगा वाजवत बसतात. छोट्या होडीच्या माणसाला मात्र आणखी एक मार्ग असतो. दिसत नसेल तर मोजायचं. किती वेळ झाला, होकायंत्र काय म्हणतंय, शिशाचं वजन बांधलेली दोरी किती खोल गेली, वजनाच्या बुडाला वाळू चिकटून आली की चिखल, प्रवाह होडीला कुठल्या अंगाला ढकलतोय. चिल्डर्स हे सगळं आपल्या रोजनाम्यात नेमाने टिपून ठेवत असे. सुट्टीतल्या या बारीक नोंदी हाच त्याचा खरा लेखनाभ्यास होता.

स्टोव्ह, होकायंत्र आणि एक मित्र

‘द रिडल ऑफ द सँड्स’ ही कादंबरी मे १९०३मध्ये प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात एका पत्राने होते. लंडनच्या परराष्ट्र खात्यातला कॅरदर्स नावाचा रुबाबदार तरुण सुट्टीच्या मोसमात कचेरीत अडकून कंटाळलेला आहे. त्याला कॉलेजच्या दिवसांतला मित्र डेव्हिस बाल्टिकवरून लिहितो : यॉटवर ये, बदकांची शिकार करू. येताना अमुक बनावटीचा स्टोव्ह आण, होकायंत्र आण, तंबाखू आण. कॅरदर्सच्या डोळ्यांसमोर पांढरे कपडे घातलेले खलाशी आणि चकचकीत डेक असलेली यॉट येते. फ्लेन्सबुर्गला पोहोचल्यावर त्याला दिसते ती ‘डल्सिबेला’, म्हणजे व्हिक्सनचंच कादंबरीतलं रूप. नाव चिल्डर्सच्या बहिणीचं. कॅरदर्सची भलीमोठी ट्रंक होडीच्या जिन्यातून खाली जातच नाही. तिथेच, धक्क्यावर, ती उघडून एकेक वस्तू आत न्यावी लागते.

पुढची पंचवीस-तीस पानं चिल्डर्स काही घडवण्याची घाई करत नाही. तो दोन माणसांना एका अरुंद केबिनमध्ये एकत्र राहायला शिकवतो. ओले कपडे कुठे वाळत घालायचे, स्टोव्ह कसा पेटवायचा, एकाने सुकाणू धरलं असताना दुसऱ्याने काय करायचं. शहरी कॅरदर्सचा रुबाब हळूहळू गळून पडतो आणि नकाशांपलीकडे फारसं न बोलणाऱ्या डेव्हिसची लायकी त्याच्या लक्षात येऊ लागते. कादंबरीत हेरगिरी आहे, फितूर इंग्रज अधिकारी आहे, त्याच्या मुलीवर जडलेलं डेव्हिसचं मन आहे. जर्मनी याच उथळ खाड्यांमधून पडावांत सैन्य भरून इंग्लंडवर पाठवण्याची गुप्त तयारी करत आहे, हे तिचं रहस्य. पण इतक्या वर्षांनंतरही ती जिवंत राहिली आहे ती या दोघांच्या मैत्रीमुळे. आणि त्या मैत्रीची परीक्षा धुक्यात होते.

तो प्रसंग असा. नॉर्डरनाय बेटाच्या बंदरात दाट धुकं पडलेलं आहे. पश्चिमेला काही मैलांवर, यूस्ट बेटाच्या टोकापलीकडे, मेमर्ट नावाचा वाळूचा ओसाड तुकडा आहे आणि तिथे संशयित मंडळींची बैठक भरणार आहे. अशा हवेत कुणी होडी बाहेर काढणार नाही, अशी सगळ्यांची खात्री. डेव्हिस ठरवतो की नेमकं आत्ताच जायचं. मोठी होडी बंदरातच ठेवून दोघे छोट्या वल्ह्याच्या होडीत बसतात. कॅरदर्स वल्ही मारतो. डेव्हिसपुढे होकायंत्र, घड्याळ आणि नकाशा. पाणी ओसरत चाललंय आणि बेटामागचा उंचवटा कोरडा पडायच्या आत ओलांडायचाय. डोळ्यांना काही दिसत नाही, पण ओहोटीमुळे नाळीच्या दोन्ही कडा वर आल्या आहेत आणि डेव्हिस त्या काठीने चाचपतो. कड लागली की कळतं, आपण नाळीत आहोत. कड वळली की नाळ वळली. प्रवाहाचा जोर कुठून येतो यावरून उंचवटा मागे पडला की नाही ते समजतं. तास उलटतात, कॅरदर्सच्या हातांना फोड येतात. शेवटी होडी जिथे टेकायला हवी तिथेच टेकते.

या प्रकरणात कुणी कुणावर गोळी झाडत नाही. तरीही वाचक श्वास रोखून बसतो, कारण इथे एकही गोष्ट नशिबावर सोडलेली नाही. प्रत्येक वळणाला कारण आहे आणि ते कारण लेखकाने स्वतः त्या चिखलात होडी रुतवून शोधलेलं आहे. चिल्डर्सने पुस्तकाला नकाशेही जोडले. शिडाच्या होड्या हाकणाऱ्या अनेक हौशी खलाशांनी पुढे हे पुस्तक आणि हे नकाशे घेऊन तोच मार्ग प्रत्यक्ष धुंडाळला.

या अचूकपणाचे परिणाम कादंबरीच्या बाहेरही झाले. १९१०मध्ये ब्रँडन आणि ट्रेंच हे दोन ब्रिटिश अधिकारी याच किनाऱ्यावर तटबंदीची टेहळणी करताना जर्मनांच्या हाती सापडले. लाइपझिगला खटला चालला आणि दोघांना चार वर्षांची शिक्षा झाली. ‘द रिडल ऑफ द सँड्स’ वाचल्याची कबुली ब्रँडनने कोर्टात दिली. १९१३मध्ये दोघांची सुटका झाली.

अ‍ॅसगार्डवरची सहा माणसं

कादंबरी लिहिणारा चिल्डर्स ब्रिटिश साम्राज्याचा पक्का पाईक होता. बोअर युद्धात तो स्वतःहून तोफखान्यात दाखल झाला होता. पण पुढच्या दहा वर्षांत त्याचं मन पालटलं. आयर्लंडला स्वराज्य मिळालंच पाहिजे असं त्याचं ठाम मत झालं, त्यावर त्याने १९११मध्ये पुस्तक लिहिलं आणि पार्लमेंटमधली नोकरीही सोडली.

मधल्या काळात बॉस्टनच्या मॉली ऑसगुडशी त्याचं लग्न झालं होतं. लहानपणी झालेल्या अपघातामुळे मॉलीला धड चालता येत नसे, पण सुकाणू धरण्यात ती तरबेज झाली. तिच्या वडिलांनी लग्नाची भेट म्हणून या दोघांसाठी यॉट बांधून घेतली. नॉर्वेत लार्विक इथे, कॉलिन आर्चरकडून. ध्रुवसंशोधक नान्सेनचं ‘फ्राम’ जहाज ज्याने बांधलं, तोच हा आर्चर. यॉटची लांबी ५१ फूट, नाव ‘अ‍ॅसगार्ड’, म्हणजे नॉर्स पुराणातला देवलोक.

१९१४चा उन्हाळा. आयर्लंडला स्वराज्य देणारं विधेयक पार्लमेंटपुढे होतं आणि अल्स्टरमधल्या विरोधकांनी एप्रिलमध्ये लार्न बंदरात हजारो बंदुका उतरवून घेतल्या होत्या. सरकार बघत राहिलं. स्वराज्यवाद्यांच्या स्वयंसेवक दलाकडे मात्र कवायतीला लाकडी दांडकी होती. लंडनमध्ये इतिहासकार अ‍ॅलिस स्टॉपफर्ड ग्रीन यांच्याभोवती एक छोटी समिती जमली. तिने सुमारे १,५०० पौंड उभे केले. चिल्डर्स आणि लेखक डॅरेल फिगिस हॅम्बुर्गला गेले आणि १,५०० माउझर बंदुकांचा सौदा करून आले. बंदुका १८७१च्या नमुन्याच्या, जड, एका वेळी एकच गोळी झाडणाऱ्या.

त्या आणायच्या कशा? खासगी यॉटमधून, ही कल्पना उचलून धरली मेरी स्प्रिंग-राइस यांनी. त्या लॉर्ड माँटईगल यांच्या कन्या, म्हणजे थेट सरदार घराण्यातल्या. मेरीबाईंनी प्रवासाची डायरी ठेवली, म्हणून त्या तीन आठवड्यांचं होडीवरचं जगणं आज आपल्याला कळतं.

जुलैच्या सुरुवातीला अ‍ॅसगार्ड वेल्समधल्या कॉनवीहून सुटली. वर चिल्डर्स, मॉली, मेरी, रजेवर असलेला ब्रिटिश हवाई दलातला अधिकारी गॉर्डन शेपर्ड आणि डोनेगलजवळच्या गोला बेटावरचे दोन कोळी, पॅट्रिक मॅकगिनली आणि चार्ल्स डगन. बघणाऱ्याच्या दृष्टीने ही सुखवस्तू दोस्तांची उन्हाळी सफर होती. तिची सगळी सुरक्षितता याच दिसण्यात होती.

१२ जुलैच्या संध्याकाळी उत्तर समुद्राच्या तोंडाशी, रुइटिंगेन दीपनौकेजवळ, हॅम्बुर्गहून आलेली टगबोट ‘ग्लॅडिएटर’ त्यांना भेटली. कोनर ओब्रायनची ‘केल्पी’ ही दुसरी यॉट आधीच ६०० बंदुका घेऊन मोकळी झाली होती. उरल्या ९०० बंदुका आणि सुमारे २९,००० काडतुसं. ती सगळी अ‍ॅसगार्डमध्ये कोंबायची होती. पेंढ्यात गुंडाळलेली गाठोडी वरून खाली येत होती. जागा वाचवण्यासाठी पेंढा काढून बंदुका सुट्या रचाव्या लागल्या. ग्रीसने माखलेल्या बंदुकांमुळे हात, कपडे, डेक सगळं काळं. मध्यरात्र उलटून गेली तरी काम चालूच होतं. केबिनमध्ये बंदुकांचा थर इतका चढला की पुढचे दोन आठवडे या मंडळींनी त्यांच्यावरच गाद्या टाकल्या, त्यांच्यावरच सरपटत ये-जा केली आणि त्यांच्यावरच मांडी ठोकून जेवण केलं.

परतीच्या वाटेवर, इंग्लिश खाडीत, ब्रिटिश नौदलाचा प्रचंड ताफा सरावासाठी बाहेर पडलेला होता. पोटात ९०० बंदुका भरलेली ही होडी रात्रीच्या अंधारात त्या युद्धनौकांच्या मधून निघून गेली. शेपर्डची रजा संपली, त्याला मिलफर्ड हेवनला उतरावं लागलं. आयरिश समुद्रात वादळाने गाठलं. तरी २६ जुलैला, रविवारी, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या दुपारी, अ‍ॅसगार्ड डब्लिनजवळच्या होथ बंदरात शिरली. सुकाणूवर मॉली होती. सगळं ठीक असल्याची खूण द्यायला यायची होती ती मोटरबोट खराब हवेमुळे आलीच नव्हती. चिल्डर्सने तरीही आत शिरण्याचा निर्णय घेतला. धक्क्यावर शेकडो स्वयंसेवक उभे होते. हातोहात माल उतरला, अर्ध्या तासात होडी रिकामी.

तीन आठवडे आणि शेकडो मैलांचा प्रवास, इंजिन नसलेली होडी, सरकारी पहारा आणि वादळ, आणि तरी वेळ चुकली नाही. हे धाडस नव्हतं असं कोण म्हणेल? पण त्या धाडसाखाली सतरा वर्षांच्या सुट्ट्यांची शिस्त होती. व्हिक्सनच्या रोजनाम्यात भरतीच्या वेळा लिहिणारा माणूसच इथे वेळ साधत होता. मेमर्टच्या धुक्यात डेव्हिसने जे केलं, तेच त्याच्या लेखकाने होथला केलं. कादंबरी आणि ही कामगिरी या दोन वेगळ्या गोष्टी मानून चिल्डर्सकडे पाहिलं तर तो माणूस हातून निसटतो.

त्या दिवशी संध्याकाळी डब्लिनमध्ये बॅचलर्स वॉक इथे सैनिकांनी जमावावर गोळीबार केला आणि तीन जण ठार झाले. आनंदाच्या दिवसाला रक्ताचा डाग लागला. पुढे नऊ दिवसांनी ब्रिटन महायुद्धात उतरलं.

पुन्हा तोच किनारा

आणि नौदलाला आठवण झाली ती चिल्डर्सचीच. फ्रिशियन किनारा त्याच्याइतका कुणाला माहीत होता? जर्मनीविरुद्ध छोट्या राष्ट्रांच्या बाजूने लढायचं, या भावनेने तो गेलाही. १९१४च्या नाताळच्या दिवशी ब्रिटिश सीप्लेननी कुक्सहाफेनवर चढाई केली. नॉर्डहोल्त्सची झेपलिनची गोदामं उडवायची होती. वाट दाखवण्यासाठी एका विमानात ४४ वर्षांचा चिल्डर्स बसला होता. होडीतून चाचपलेल्या नाळी आणि वाळूचे पट्टे आता त्याला वरून दिसत होते. जमिनीवर मात्र दाट धुकं होतं. गोदामं सापडली नाहीत. सात विमानांतले सगळे वैमानिक मात्र वाचले.

होथला उतरलेल्या बंदुका १९१६च्या ईस्टर उठावात डब्लिनच्या रस्त्यांवर दिसल्या. २४ एप्रिलला सुरू झालेला तो उठाव अजून चालू असतानाच, २८ एप्रिलला, लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली. नाव आयर्लंडच्याच चळवळीतून आलेलं.

चिल्डर्सची पुढची वाट अधिकाधिक एकाकी होत गेली. ब्रिटनशी झालेल्या १९२१च्या तहाच्या वाटाघाटींत तो आयरिश शिष्टमंडळाचा सचिव होता, पण झालेला तह त्याला मान्य झाला नाही. यादवी युद्धात तो तहविरोधी गटात राहिला. नोव्हेंबर १९२२मध्ये विक्लोच्या त्याच आजोळच्या घरात त्याला पकडण्यात आलं. जवळ एक छोटं पिस्तूल होतं, आयरिश नेता मायकेल कॉलिन्सने कधीकाळी भेट दिलेलं. तेवढ्या गुन्ह्यावर लष्करी न्यायालयाने मृत्युदंड सुनावला आणि २४ नोव्हेंबरला आयर्लंडच्याच सरकारने त्याला गोळ्या घातल्या. गोळ्या झाडणाऱ्या प्रत्येक सैनिकाशी त्याने आधी हस्तांदोलन केलं. आपल्या शिक्षेला जबाबदार असलेल्या माणसांशी तूही हस्तांदोलन कर, असं वचन त्याने सोळा वर्षांच्या मुलाकडून घेतलं. तो मुलगा, अर्स्किन हॅमिल्टन चिल्डर्स, १९७३मध्ये आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला.

सोबत्यांपैकी शेपर्ड १९१८मध्ये विमान अपघातात गेला. मेरी स्प्रिंग-राइस १९२४मध्ये क्षयाने गेल्या. ‘केल्पी’वाल्या कोनर ओब्रायनने ‘सिअर्शा’ ही होडी स्वतः आखून बांधून घेतली आणि १९२३ ते १९२५ या काळात तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली.

अ‍ॅसगार्ड बरीच वर्षं वेगवेगळ्या मालकांकडे फिरली. १९६१मध्ये आयरिश सरकारने ती विकत घेतली. तिचं मूळ लाकूड शक्य तितकं राखून केलेली दुरुस्ती पूर्ण झाल्यावर, २०१२पासून ती डब्लिनमध्ये कॉलिन्स बॅरक्समधल्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेली आहे. ९०० बंदुका, हजारो काडतुसं आणि सहा माणसं त्या होडीत कशी मावली असतील, याचा अंदाज तिच्या शेजारी उभं राहून नजरेने घेता येतो.